पावणं कोण, ते मी विचारणार नाही

चाळिशी ओलांडलेल्या बाईनं नोकरी बदलली की तिचं घरात तरी बिनसलंय नाहीतर डोक्यात तरी, असं लोक धरूनच चालतात. माझं दोन्हीकडं व्यवस्थित होतं. राजारामपुरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी इन्चार्ज सिस्टर होते. ते काम सोडून मी कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआरला गेले. घडलं ते एवढंच. पण ऐकणाऱ्याचा चेहरा असा व्हायचा, की जणू मी भरल्या संसारातून उठून चाललेय.

भाजी मंडईत एकदा एका जुन्या पेशंटचा मुलगा भेटला. "आवो सिस्टर, सेवा सोडून कंपनीत? आन् तेबी खुर्चीवर बसायच्या कामाला?" मी म्हटलं, "होय, बसायलाच गेले. माझे पाय सुजतात." तो हसला, मी हसले नाही. डॉक्टर खुर्चीवर बसतात तेव्हा ती सेवाच असते आणि सिस्टर बसली की तिनं सेवा सोडली, हे गणित मला कधी सुटलं नाही. सोडवायची इच्छाही नाही.

माझं माहेर गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. तिकडं अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, फोन करून सांगितलं.

"सिस्टर म्हटलं की गाव मान देतंय गं," ती म्हणाली. "आता कुणी इचारलं पोरगी काय करती, तर काय सांगू?"

"सांग, कंपनीत माणसं भरती करती."

"मिल्ट्रीत करत्यात तशी?"

"तशीच. फक्त पळायला लावत नाही."

अव्वा गप्प बसली. तिची गप्प बसायची तऱ्हा अशी आहे, की पलीकडच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. मला तसं वाटलं नाही.

खरं सांगायचं तर मी रागानं बाहेर पडले. औषधं, इंजेक्शनं हे माझं काम होतंच, पण निम्मा दिवस जायचा माणसं सांभाळण्यात. कुठल्या मावशीची लेक बाळंतपणाला आलीय, कुठल्या सिस्टरचा नवरा तिला नाइटला सोडत नाही, कुणाचं कुणाशी पटत नाही म्हणून त्यांना एका पाळीत टाकायचं नाही. गावोगावच्या म्हाया, म्हणजे गावदेवीच्या जत्रा, लक्षात ठेवायच्या, कारण गावात म्हाईचं मटण शिजत असताना आमचा वॉर्डबॉय ड्युटीला येणं केवळ अशक्य. त्या दिवशी मटण न खाणाऱ्या घरातला माणूस लावायचा. नवीन मावशी ठेवायची तर तिच्याशी बोलून मीच ठरवायचे. हे सगळं मी करत होते आणि याला काही नाव असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मग हॉस्पिटलनं पुण्याहून एक तरुण मुलगा एचआर मॅनेजर म्हणून आणला. आल्या आल्या त्यानं मला विचारलं, "मॅडम, हे ड्युट्यांचं तुम्ही कसं बसवता?" मी त्याला शेजारी बसवून सगळं शिकवलं, म्हायांसकट. पुढच्या मीटिंगमध्ये त्यानं तेच पडद्यावर रंगीत चौकोनांत दाखवलं आणि मोठ्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगा वाईट नव्हता, नंतर त्यानं मला पेढेही दिले. पण त्या टाळ्या ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ज्याला इकडचं तिकडचं समजून उरकत होते, त्या कामाला खुर्ची होती, केबिन होती, दारावर पाटी होती. मग ती खुर्ची माझी का नाही? मी दूरशिक्षणातून एचआरचा अभ्यासक्रम लावला. त्याच वर्षी लेकीची बारावी होती. आम्ही दोघी एकाच टेबलावर समोरासमोर बसून घोकायचो. नवऱ्याचं विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान आहे. तो म्हणाला, "तुम्हा दोघींत कोण नापास झालं तर मला आधी कळवा, मी दुकानातच मुक्काम करतो." कुणी नापास झालं नाही.

कारखान्याची जाहिरात बघून अर्ज केला. पंपांचे आणि ट्रॅक्टरचे ओतीव भाग मशीनवर कापून, घासून तयार करणारा कारखाना. मालक साठीचे, पांढऱ्या शर्टातले, बोलायला मोकळे. माझी सर्टिफिकेटांची फाईल मी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उघडली नाही.

"गाव कुठलं म्हणायचं?"

मी सांगितलं.

"आन् पावणं कोण?"

या प्रश्नाचा अर्थ आमच्या मुलखाबाहेरच्यांना सांगायला हवा. वाटेवरच्या अनोळखी माणसालाही आम्ही पावणं म्हणतो. पण 'पावणं कोण' असं विचारलं, की तुमचे सोयरे कोण, कुठल्या घरात लेकी दिल्यात, कुठून सुना आणल्यात, हे विचारलेलं असतं. दोन-तीन गावांची नावं निघाली की समोरच्याला धागा सापडतो, आणि एकदा धागा सापडला की मग पुढं काही विचारायचं उरत नाही. मालकांना धागा सापडला. माझ्या मावशीचे दीर त्यांचे जुने दोस्त निघाले.

"मग घरच्याच की वो तुम्ही! या सोमवारपासनं."

एवढी वर्षं केलेलं काम, लेकीसमोर बसून केलेला अभ्यास, कशावर एक प्रश्न नाही. नोकरी लागली ती मावशीच्या दिरांना. मी नुसती कामावर जाणार होते. घरी येताना आनंद व्हायला हवा होता आणि मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. हायवेवर एस्टीच्या खिडकीशी बसून मी ठरवून टाकलं, की त्या खुर्चीवर बसल्यावर दुसरं काही जमो न जमो, हा एक प्रश्न मी कुणाला विचारणार नाही.

सोमवारी गेले तर माझ्या टेबलावर प्रथमोपचाराची पेटी आणि बीपीचं मशीन. शेजारी वर्क्स मॅनेजर हसत उभे. त्यांना सगळा कारखाना दादा म्हणतो, मीही म्हणते. मालकांबरोबर पहिल्या मशीनपासून असलेला माणूस. उत्पादन त्यांच्या हातात आणि तोवर भरतीही त्यांच्याच हातात. "सिस्टर मिळाल्या म्हटल्यावर दोन्ही कामं झाली की," ते म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत माझ्या दारात बाह्या वर करून रांग लागली. मी पेटी आणि मशीन उचललं, सुपरवायझरच्या टेबलावर नेऊन ठेवलं, आणि तिथल्या दोघांना पट्टी बांधायला शिकवलं. रांगेला सांगितलं, "रक्त आलं तर पळत येईन. बीपी बघणार नाही."

"लई ताठ बाई हाय," असं कँटीनमध्ये बोललं गेलं. ते माझ्या कानावर पडेल अशा बेतानंच बोललं गेलं. खोटं काय होतं त्यात?

काही दिवसांनी तपासणी विभागाला माणसं हवी झाली. मशीनवरून उतरलेल्या प्रत्येक भागाला कारखान्यात जॉब म्हणतात. तो जॉब व्हर्निअर नावाच्या मापपट्टीनं मोजायचा आणि बरा एकीकडं, वाईट दुसरीकडं करायचा, असं ते काम. तोवरची पद्धत अशी, की दादांकडं कुणीतरी शब्द टाकायचा, दादा पावणं विचारायचे आणि पोरगं दुसऱ्या दिवशी गेटवर उभं. त्यातली काही चांगली निघायची, काही व्हर्निअर पान्यासारखा धरायची. मी मालकांना म्हटलं, या वेळी सरळ परीक्षा घेऊ. ट्रेमध्ये बरे-वाईट जॉब मिसळून ठेवायचे, हातात व्हर्निअर द्यायचा आणि बघायचं. गाव नाही, आडनाव नाही, पावणं नाही. उमेदवाराला फक्त नंबर. मालकांनी गंमत म्हणून हो म्हटलं.

दादांना त्यात गंमत दिसली नाही.

"पावणं न्हाय इचारायचं? मग माणूस वळखायचा कसा वो?"

"व्हर्निअर कसा धरतोय ते बघून."

"आन् उद्या काम टाकून पळाला तर हुडकायचा कुठं?"

"पळाला त्याला हुडकून करायचंय काय?"

शेवटी तो प्रश्न न विचारण्याच्या अटीवर ते माझ्या शेजारी बसले. इतका अवघडलेला माणूस मी प्रसूतीच्या वॉर्डाबाहेरही पाहिला नव्हता. पहिल्या मुलाला त्यांनी विचारलं, "येताना कुठली एस्टी धरलीस?" मी त्यांच्याकडं बघितलं. दुसऱ्याला विचारलं, "तुमच्याकडं जत्रा कवा असती?" तिसऱ्याला, "ऊस कुठल्या कारखान्याला घालता?" मी म्हटलं, "दादा!" तर म्हणाले, "मी कुठं पावणं इचारलं? ऊस इचारला." उमेदवारही काही कमी नव्हते. एकानं कुणी न विचारता आपल्या मामांचं गाव, त्यांचं सोसायटीतलं पद आणि त्यांचा नवा ट्रॅक्टर सांगून टाकला. मी म्हटलं, "मग मामांनाच बसव ट्रेसमोर." तो खरंच फोन काढायला लागला.

जेवणाच्या आधी एक मशीन अडकलं म्हणून दादांना बोलावणं आलं आणि ते गेले. ते गेल्यावर जी मुलगी आत आली तिची ही गोष्ट आहे. पंचविशीची असेल. ओढणी खांद्यावर पिनेनं घट्ट लावलेली, केस मागं ओढून बांधलेले. बसली, एकेक जॉब उचलून मोजत गेली, घाई नाही, दिखावा नाही. शेवटी एक जॉब हातात घेऊन थांबली. फिरवून परत मोजला. मग तो वेगळा ठेवून म्हणाली, "ह्यो मला ठरवता येईना, मॅडम. दुसऱ्या कुणालातरी दावा."

सकाळपासून आलेल्यांपैकी एकानंही असं म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. वॉर्डात मला भीती वाटायची ती सगळं येतं म्हणणाऱ्या पोरींची. डोस नक्की माहीत नसताना जी विचारायला येते ती टिकते, आणि तिचा पेशंटही टिकतो. मी तिच्या नंबरापुढं खूण केली आणि तिला ट्रेनी म्हणून घेतलं.

कामाच्या पहिल्या सकाळी ती गेटमधून आत येत होती आणि दादा समोरून. मी खिडकीतून बघत होते. दादा थबकले, तिच्याकडं बघितलं, आणि तसेच मागं वळले. थोड्याच वेळात ते माझ्या केबिनमध्ये आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"ही कोण हाय ठावं हाय का तुम्हाला?"

"तपासणीची ट्रेनी."

"माझ्या धाकट्या भावाची बायकू हाय. हाय म्हंजे हुती. नांदली न्हाय. कोर्टात जाऊन मोकळी झाली. आमची दोन घरं एकमेकाच्या दारानं जात न्हाईत, आन् तुम्ही तिला माझ्या हाताखाली आणून बसवलीसा? गावात काय तोंड दावू मी?"

एवढा मोठा जिल्हा, एवढी माणसं, आणि मी नेमका दादांच्या मोडलेल्या सोयरिकीत हात घातला होता. क्षणभर मलाही वाटलं, एक प्रश्न विचारला असता तर हे टळलं असतं. क्षणभरच वाटलं.

मी तिला बोलावून घेतलं. "इथं दादा आहेत हे तुला माहीत होतं?"

"व्हय की."

"तरी आलीस?"

"आलो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, आले न म्हणता आलो म्हणतात. "लई ठिकाणी गेलतो, मॅडम. सगळीकडं पयला प्रश्न, पावणं कोण. माहेरचं सांगितलं की म्हणत्यात, म्हंजे त्या ह्यांच्यात दिल्याली ती व्हय? मग चहा देत्यात आन् कळवतो म्हणत्यात. हितली नवी मॅडम इचारत न्हाय असं ऐकलं, म्हणून आलो. त्यांनी बघितलं असतं तर तितनंच उठवलं असतं. त्ये मशीनकडं गेलं, तवाच आत शिरलो."

हे सगळं तिनं डोळ्यांत पाणी न आणता सांगितलं. माहेरी भाऊ-भावजय चांगली वागवतात, पण चांगलं वागवून घ्यायचाही कंटाळा येतो, म्हणाली. तिला कागलात स्वतःची खोली घ्यायची होती. नोकरी राहिली तर खोली, नाही राहिली तर पुन्हा भावाचं घर आणि पुन्हा कुणीतरी स्थळ घेऊन येणार. एवढ्या सरळ भाषेत आपलं आयुष्य मांडणारी माणसं मला आवडतात. मी तिला कामावर परत पाठवलं.

मग मालकांनी मला बोलावलं. कारखाना एवढासा, गोष्ट तोवर कँटीनच्या आचाऱ्यापर्यंत गेली होती.

"त्यात अवघड काय न्हाय," मालक म्हणाले. "ट्रेनी हाय. कारणबी द्याय लागत न्हाय. दोन ओळी लिवा आन् संध्याकाळी तिला गोडीत सांगून टाका. तुम्ही सिस्टर हायसा, तुम्हाला जमतंय ते."

"तिच्या कामात काही खोट आहे का?"

"कामाचा संबंध न्हाय वो. दादा म्हणतोय, ती ऱ्हायली तर मी जातो. त्याच्याबिगर माझं एक मशीन चालायचं न्हाय. आन् खरं सांगू? तुम्ही पावणं इचारलं असतं तर ही येळच आली नसती." वर म्हणाले, "तुम्हीबी अजून कायम न्हाय, तेवढं ध्यानात असू द्या."

धमकीनं मी घाबरले नसते असं नाही. घर माझ्याही पगारावर चालतं. पण मला चीड आली ती 'गोडीत सांगून टाका' याची. हॉस्पिटलात वाईट बातमी असली की डॉक्टर फाईलवर लिहून पुढं जायचे आणि जाता जाता म्हणायचे, "सिस्टर, नातेवाइकांना जरा समजावून सांगा." ठरवलेलं त्यांनी, तोंड माझं. माणसं माझा हात धरून रडायची, शिव्या द्यायच्या तर मलाच द्यायची, आणि डॉक्टर तोवर दुसऱ्या मजल्यावर गेलेले असायचे. एचआर म्हणजेही तेच असेल, तर मी फक्त कपडे बदलले होते.

"मी सांगणार नाही," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"ज्यानं ठरवलं त्यानं सांगायचं. उद्या तुम्ही आणि दादा इथं बसा. मी तिला बोलावते, खुर्ची देते. तिच्या तोंडावर कारण सांगा. कामातलं कारण असेल तर मी तिथल्या तिथं पत्र करते. दुसरं काही असेल तर ते माझ्या तोंडून जाणार नाही."

"असं कुठं असतंय व्हय?"

"इथं असेल."

मालकांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मावशीच्या दिरांशी त्यांची दोस्ती त्याच क्षणी संपली असावी.

घरी आले तर नवऱ्यानं चेहरा बघूनच विचारलं, "गेली का नोकरी?" मी म्हटलं, "अजून नाही." "मग जेवून घे," तो म्हणाला, "उपाशी पोटी भांडण नीट होत नाही." अव्वाचा फोन आला, तिलाही सांगितलं. ती चिडली. "कुणाच्या भांडणात पडतीस गं? ती तुझी पावणी ना रावळी!"

"तेच तर, अव्वा. पावणी नाही, रावळी नाही, तरी तिला नोकरी मिळायला पाहिजे."

अव्वा म्हणाली, "पोरगी कामाची हाय का?" मी म्हटलं, आहे. "मग बघ बाई," म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो. दादा खिडकीकडं तोंड करून. मी तिला बोलावलं. ती एप्रन न काढताच आली, बोटांना तेल लागलेलं. खुर्ची दिली तशी बसली. कुणी बोलेना. मालकांनी चहा मागवला. चहा आला, तरी कुणी बोलेना. तो अवघडलेपणा मोडायला मी दहा वेळा तोंड उघडणार होते. वॉर्डातली सवय ती, कुणी गप्प बसलं की सिस्टरनं बोलायचं. मी जीभ दातांत धरून बसले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड गप्प बसणं होतं.

"बाळ," मालक शेवटी म्हणाले, "म्हंजे त्याचं असं हाय की..." आणि तिथंच अडकले. "दादा, बोला की वो."

दादांचं तोंड खिडकीकडंच.

मग तीच म्हणाली, "भावजी, माझ्या कामात काय चुकलं आसंल तर सांगा, मी आत्ता जातो. घरातलं म्हणत आसाल तर त्ये कोर्टात मिटलंय. हितं मी कामाला आल्यालो हाय. तुमच्या घरात न्हाय."

'भावजी' ऐकून दादांची मान वळली. त्यांच्या घरात ती नांदत असताना रोज म्हणत असेल तीच हाक. ते तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कमी झाला नव्हता, पण तो तिच्या कामावर ठेवता येत नव्हता, आणि हे त्यांना समजत होतं. तीस वर्षांत त्यांनी किती पोरांना बाहेर काढलं असेल, पण कामाबद्दल खोटं बोलून एकालाही काढलं नसेल. तेवढं मी त्यांच्या बाजूनं नक्की सांगेन.

बोलले ते मालकांशी. "कामात न्हाय काय. काल तिनं रिजेक्ट केल्यालं जॉब मी सोता मोजलं. बरोबर हुतं." एवढं म्हणून उठले आणि मशीन शॉपकडं निघून गेले. चहा तसाच राहिला.

मालकांनी कपाळावरून हात फिरवला. तिचा कप तिच्याकडं सरकवला. "पी तेवढा, गार व्हायलाय," म्हणाले. ती चहा प्यायली, कप धुवायला बाहेर नेऊन ठेवला आणि कामाला गेली. मी मालकांचे आभार मानले नाहीत. कुणी माझ्यावर उपकार केले नव्हते.

दादा नोकरी सोडून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला गेटवर होते. गावात त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं असणार, त्याचं मला वाईटही वाटतं. पण ते ऐकून घेणं त्यांच्या वाट्याचं होतं, त्यासाठी तिनं नोकरी सोडायचं कारण नव्हतं. तिच्याशी ते कामापुरतं बोलतात, ती त्यांना आता सगळ्यांसारखं दादा म्हणते. माझ्याशी बोलणं त्याहून कमी. चालतं. पगार मला माझ्या कामाचा मिळतो, बोलण्याचा नाही.

मालकांनी मात्र मनात ठेवलं. माझी प्रोबेशनची मुदत संपली तेव्हा मला कायम केल्याचं पत्र मिळालं नाही. "अजून जरा बघू," म्हणाले. परत मुदत संपली, परत बघू. भरतीच्या वेळी ट्रे आणि व्हर्निअर मात्र अजून तसेच चालू आहेत, कारण वाईट जॉब बाहेर जायचे कमी झाले आणि हे मालकांनाही कळतं. फक्त ते माझ्यासमोर म्हणायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. मंडईतल्या त्या मुलाला भेटले तर आता सांगेन, खुर्चीवर बसूनही पाय दुखतात.

तिची ट्रेनिंगची मुदत संपली. कायम करण्यासाठी विभागाची शिफारस लागते, म्हणजे दादांची सही. मी कागद त्यांच्याकडं पाठवला. कागद दुपारच्या आत परत आला, सही करून. मी पत्र टाइप केलं, मालकांची सही आणली आणि तिला बोलावून हातात दिलं.

तिनं उभ्यानंच वाचलं. मग पहिल्यापासून परत वाचलं, आणि घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं. कागलात खोली बघून ठेवलीय म्हणाली, हायवेपासून आत, शांत आहे. जाता जाता दारात थांबली.

"तुमचं झालं का कायम, मॅडम?"

"नाही."

"माझ्यामुळं?"

"तुझ्यामुळं कशाला? माझ्यामुळं."

"मग आता काढत्यात व्हय तुम्हाला?"

"काढू देत की," मी म्हटलं. "पण त्या केबिनमध्ये बोलावून, खुर्ची देऊन, माझ्या कामात काय चुकलं ते माझ्या तोंडावर सांगावं लागेल. बघूया कोण सांगतंय."